मोटारीचे बिघाड आणि दुरुस्तीचा हिशेब

एका पावसाळ्यात आम्ही सावंतवाडीहून बेळगावास सहकुटुंब परत येत होतो. आंबोलीचा घाट अर्धा चढून झाला असता समोरील फळीवरचा उष्णतेचा काटा नेहमीची जागा सोडून हळूहळू वर सरकू लागला. बाहेर दाट धुके, पावसाची संततधार आणि गाडी बाजूस घेण्यास जागा नाही. आम्ही काटा पाहिला, आणि मनाशी म्हटले, माथा आता आलाच आहे. वर गेल्यावर पाहू. माथ्यावर पोचता पोचता काटा आपोआप खाली आला. आम्हांस हायसे वाटले. त्यानंतर काही किलोमीटर गेलो असू, तोच गाडीचा जोर ओसरला, पुढील झाकणाच्या फटीतून पांढरी वाफ निघू लागली आणि इंजिन बंद पडले.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी आमच्या हाती एक रबरी नळी ठेवली. तिला बोटभर लांबीची चीर गेली होती. या नळीची किंमत साडेसहाशे रुपये. दुरुस्तीचे एकूण बिल मात्र अठ्ठावन्न हजारांचे झाले. साडेसहाशेचे अठ्ठावन्न हजार कसे होतात, हा प्रश्न तेव्हापासून आमच्या मनातून गेला नाही. आणि पदार्थविज्ञानाचे जे धडे आपण वर्गात शिकतो त्यांतच त्याचे उत्तर आहे असे आढळल्यावरून हा लेख लिहावयाचे ठरविले.

ज्यांस हल्ली एसयूव्ही म्हणतात त्या उंच बांध्याच्या मोटारी आपल्याकडील पुष्कळ घरांच्या दारांत दिसतात. नाशिकच्या कारखान्यातून स्कॉर्पिओ २००२ साली बाहेर पडली, डस्टर २०१२ साली आली, क्रेटा २०१५ साली, हॅरियर २०१९ साली. सुमारे सव्वाचार ते साडेचार मीटर लांबीच्या या मध्यम आकाराच्या गाड्या. त्यांपैकी कित्येक आज दुसऱ्या किंवा तिसऱ्या मालकाकडे आहेत. सात-आठ वर्षे वापरलेली गाडी निम्म्याहून कमी किमतीत मिळते, म्हणून मध्यम स्थितीचे कुटुंब ती हौसेने घेते. येथेच एक गोष्ट नजरेआड होते. गाडीची किंमत वयाबरोबर उतरते, परंतु तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. पाच लाखांस घेतलेल्या जुन्या गाडीलाही पंप, क्लच आणि इंजेक्टर लागतात ते पंधरा लाखांच्या गाडीचेच. स्वस्त गाडी घेऊन महागडी दुरुस्ती अंगावर येते ती या कारणाने.

पुढे जे खर्चाचे आकडे दिले आहेत ते ढोबळ समजावे. गाव, गॅरेज आणि गाडी यांप्रमाणे त्यांत बराच फरक पडतो. कोणता बिघाड महिनाभर थांबू शकतो आणि कोणता पाच मिनिटेही थांबत नाही, हे ओळखण्यास मात्र त्यांचा उपयोग होईल.

प्रथम उष्णता. डिझेल जळून जी ऊर्जा निर्माण होते तिचा साधारण तिसरा हिस्सा चाकांच्या कामी येतो; उरलेली धुराड्यावाटे आणि इंजिनाच्या अंगावाटे उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. अंगावाटे जाणारी उष्णता वाहून नेण्याचे काम इंजिनात फिरणाऱ्या पाण्याचे. हे पाणी साधे नसते; त्यात ग्लायकॉल नावाचा द्रव सुमारे निम्मा मिसळलेला असतो व त्या मिश्रणास कूलंट म्हणतात. साधे पाणी समुद्रसपाटीस १०० अंशांवर उकळते, हे मिश्रण १०६-१०७ अंशांवर. शिवाय टाकीचे झाकण दाब धरून ठेवते, त्यामुळे उकळण्याचा बिंदू आणखी वर, १२० अंशांपलीकडे जातो. आपल्या स्वयंपाकघरातील प्रेशर कुकरचे हेच तत्त्व. म्हणूनच तापलेल्या गाडीच्या टाकीचे झाकण उघडणे हे शिट्टी होत असलेल्या कुकरचे झाकण ओढून काढण्यासारखे आहे. यात हाततोंड भाजून घेतलेली माणसे आम्ही पाहिली आहेत.

आता आमच्या नळीला चीर गेली तेव्हा काय झाले ते पाहा. प्रथम दाब गेला. दाब गेल्याबरोबर आत उकळी फुटली आणि पाणी वाफ होऊन बाहेर पडू लागले. काटा वर चढला तो या वेळी. नंतर पाणी इतके कमी झाले की उष्णता मोजणारा संवेदक पाण्याबाहेर राहिला. पाणी नसल्यावर तो बिचारा मोजणार काय? काटा खाली आला तो इंजिन थंड झाले म्हणून नव्हे, तर मोजावयास काही उरले नाही म्हणून. आम्ही ज्या क्षणी सुटकेचा श्वास टाकला, त्याच क्षणापासून खरे नुकसान सुरू झाले.

इंजिनाचा वरचा भाग, ज्यास मिस्त्री लोक हेड म्हणतात, तो बहुधा ॲल्युमिनियमचा असतो. खालचा ठोकळा अनेक डिझेल गाड्यांत बिडाचा असतो. ॲल्युमिनियम उष्णतेने बिडाच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावते. नेहमीच्या उष्णतेत हा फरक सांभाळण्याची योजना बांधणीतच केलेली असते, परंतु मर्यादेबाहेर तापल्यावर घट्ट बोल्टांनी जखडलेले हेड मोकळेपणी वाढू शकत नाही व शेवटी वाकते. वाकणे ते किती? केसाच्या जाडीइतके. तेवढ्यानेही हेड आणि ठोकळा यांमधील पातळ गॅस्केट निकामी होते. मग पाणी तेलात, तेल पाण्यात आणि जळता वायू दोहोंत शिरतो. तेल मोजण्याच्या पट्टीवर ताकासारखा पांढुरका फेस दिसला तर असे काही झाले असल्याचा संशय घ्यावा. हेड उतरविणे, लेथच्या कारखान्यात नेऊन ते सपाट घासून घेणे, नवे गॅस्केट, नवे बोल्ट, नवे तेल, नवे कूलंट आणि चार दिवसांची मजुरी, असे करीत चाळीस ते ऐंशी हजारांपर्यंत आकडा जातो. हेडला तडा गेला असेल तर त्याहून पुढे.

काटा चढू लागताच गाडी बाजूस घेऊन इंजिन बंद केले असते, तर नळी, चार-पाच लिटर कूलंट आणि गाडी ओढून नेण्याचे भाडे यांवर प्रकरण मिटले असते. अगदीच जागा नसेल तर वातानुकूलन बंद करून आतील हीटर पूर्ण सोडावा. त्यामुळे इंजिनाची थोडी उष्णता गाडीच्या आत घेतली जाते आणि सुरक्षित जागा गाठण्यापुरता वेळ मिळतो. गाडीत बसलेल्यांस घाम फुटतो, पण तो फुकटचा असतो.

बेळगावच्या वाचकांना बीड आणि हेड हे शब्द नवे नाहीत. उद्यमबागेच्या बाजूस राहणाऱ्या कित्येक विद्यार्थ्यांचे वडील ओतकामाच्या किंवा यंत्रकामाच्या कारखान्यांत आहेत, आणि मोटारींना लागणारे ओतीव भाग तेथे तयार होतात. धातूला वाजवीपेक्षा अधिक ताप दिला की तो कसा वागतो, हे त्यांनी घरीच विचारून पाहावे; आमच्या लेखापेक्षा अधिक चांगले उत्तर मिळेल.

यापुढचा बिघाड असा आहे की त्याची पूर्वसूचना बहुधा मिळतच नाही. इंजिनातील झडपा ठराविक क्षणी उघडाव्या आणि मिटाव्या लागतात. इंजिनाचा मुख्य दांडा मिनिटाला २००० फेरे घेत असेल तर प्रत्येक झडप मिनिटाला १००० वेळा, म्हणजे सेकंदाला सोळा-सतरा वेळा उघडते. दांडा आणि झडपा यांची सांगड काही गाड्यांत लोखंडी साखळीने घातलेली असते, तर काहींत दातेरी रबरी पट्ट्याने. डस्टरचे १४६१ घनसेंटिमीटरचे डिझेल इंजिन आणि हॅरियरचे १९५६ घनसेंटिमीटरचे डिझेल इंजिन ही दोन्ही पट्ट्याची. हा टायमिंग बेल्ट चालत्या गाडीत तुटला तर उघड्या राहिलेल्या झडपांवर खालून दट्ट्या येऊन आदळतो आणि झडपा वाकतात. लाखभर रुपयांचे काम एका क्षणात निघते. पट्टा किती किलोमीटरांनी किंवा किती वर्षांनी बदलावयाचा, हे गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेत छापलेले असते. येथे ‘किंवा’ हा शब्द महत्त्वाचा आहे. गाडी फारशी चालली नाही म्हणून रबराचे वय थांबत नाही. पट्टा, त्याचे ताणचाक आणि बरोबरच पाण्याचा पंप बदलून घेण्यास बारा ते पंचवीस हजार पडतात. पंप चांगला असताना तो का बदलावा, असा प्रश्न मालक हटकून विचारतात. अनेक गाड्यांत पंपही त्याच पट्ट्यावर फिरतो आणि पुढे तो बिघडला तर तीच सर्व खोलाखोल पुन्हा करावी लागते, हे त्याचे उत्तर. जुनी गाडी घेताना रंग, काचा आणि गाण्याचे यंत्र यांपूर्वी हा पट्टा केव्हा बदलला ते विचारावे, आणि बिल पाहिल्याशिवाय उत्तरावर विश्वास ठेवू नये.

ब्रेकविषयी लिहिताना पैशाचा हिशेब दुय्यम ठरतो. नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांनी पुढील उदाहरण स्वतः करून पाहावे. माणसे व सामान धरून गाडीचे वस्तुमान २००० किलोग्रॅम आहे आणि घाटात ती ६०० मीटर उंची उतरते असे माना. वस्तुमान, गुरुत्वत्वरण आणि उंची यांचा गुणाकार केला, म्हणजे २००० गुणिले ९.८ गुणिले ६००, की १,१७,६०,००० ज्यूल ऊर्जा येते. वेग न वाढविता खाली यावयाचे तर एवढी ऊर्जा कोठे तरी गेली पाहिजे. चालक सर्व वेळ ब्रेकवर पाय ठेवून उतरला तर हवेचा व रस्त्याचा विरोध वजा जाता तिचा बहुतेक हिस्सा चार चाकांतील ब्रेकच्या चकत्यांत उतरतो. ही ऊर्जा किती, तर २५ अंशांचे सुमारे ३७ लिटर पाणी उकळीस आणण्याइतकी. म्हणजे दोन मोठे हंडे. असे दोन हंडे उकळविणारी आग चाकांच्या पोटात पेटली असता आपण खिडकीतून धबधबा पाहत असतो.

ब्रेकच्या नळ्यांतील तेल हवेतील ओलावा शोषून घेते. डॉट-४ या प्रकारचे ताजे तेल निदान २३० अंशांपर्यंत उकळू नये असा दंडक आहे. ओलावा शोषलेल्या त्याच तेलासाठी हा आकडा १५५ वर येतो. कोकणाच्या दमट हवेत वर्षानुवर्षे न बदललेले तेल आणि तापलेल्या चकत्या यांची गाठ पडली की तेलात वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. पायाखालील पेडल मऊ लागते आणि तळाशी टेकते, पण गाडी थांबत नाही. हे तेल बहुतेक गाड्यांत दर दोन वर्षांनी बदलावे असे सांगितलेले असते, व त्यास हजार-दीड हजार रुपये लागतात. पुढच्या ब्रेकची पॅडे अडीच ते पाच हजारांत मिळतात. ती झिजून लोखंडावर लोखंड घासेपर्यंत थांबल्यास चकत्याही बदलाव्या लागून खर्च दुप्पट-तिप्पट होतो. ब्रेक लावताच बारीक किंचाळी ऐकू येऊ लागली, तर तो पॅड संपल्याचा इशारा असू शकतो. ती पावसाने आली असेल म्हणून सोडून देऊ नये.

चोर्ल्याचा असो, अनमोडचा असो वा आंबोलीचा, घाट ज्या गिअरमध्ये चढावा लागतो त्याच खालच्या गिअरमध्ये तो उतरावा, असे जुने ट्रकचालक सांगत आले आहेत. त्यामुळे उतरणीची ऊर्जा इंजिनाच्या ओढीत खर्च होते आणि ब्रेक प्रसंगासाठी ताजे राहतात. डिझेल वाचविण्याकरिता उतारावर इंजिन बंद करणारे महाभाग अजूनही भेटतात. इंजिन बंद होताच ब्रेकला आणि सुकाणूला मिळणारी यांत्रिक मदत जाते, हे त्यांस ठाऊक नसावे असे आम्ही समजतो. ठाऊक असून कोणी असे करणार नाही.

टर्बो, क्लच आणि धुराड्यातील गाळणी ही तिन्ही महाग, परंतु तिन्हींचे आयुष्य पुष्कळसे चालकाच्या सवयीवर अवलंबून. टर्बोची चक्री मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेते आणि तेलाच्या पातळ थरावर तरंगते. घाट चढून आल्यावर लगेच किल्ली फिरवून इंजिन बंद केले की हे तेल जागच्या जागी करपते. अर्धा-एक मिनिट इंजिन नुसते चालू ठेवावे. तीस ते साठ हजार वाचविण्यास एवढे मिनिट महाग नाही. क्लचवर पाय टेकवून गाडी चालविण्याची सवय आपल्याकडे फार. गिअर वरचा, पाय दाबताच इंजिनाचा आवाज वाढतो पण गाडी वेग घेत नाही, असे झाले की क्लच घसरू लागला आहे असे समजावे. साधा क्लच बारा ते पंचवीस हजारांत होतो. मात्र काही डिझेल गाड्यांत त्याच्यामागे दोन भागांचे, आत स्प्रिंगा असलेले गतिचक्र असते, आणि तेही गेले असेल तर रक्कम दुपटीहून पुढे जाते.

गाळणीची गोष्ट थोडी निराळी आहे. १ एप्रिल २०२० पासून भारतात बीएस-६ ही प्रदूषणमर्यादा लागू झाली व नव्या डिझेल मोटारींच्या धुराड्यात काजळी अडविणारी गाळणी आली. साचलेली काजळी सुमारे ६०० अंश उष्णतेत आपोआप जाळून टाकण्याची तीत योजना असते. एवढी उष्णता येण्यास गाडी मोकळ्या रस्त्यावर पंधरा-वीस मिनिटे सलग चालावी लागते. रोज टिळकवाडीतून शाळेपर्यंत आणि शाळेपासून घरापर्यंत दोन-दोन किलोमीटर जाणाऱ्या गाडीस हा योग येतच नाही. गाळणी तुंबते, दिवा लागतो आणि मालक कंपनीस दोष देतो. वेळीच महामार्गावर फेरी मारली तर खर्च डिझेलचा. दिव्याकडे दुर्लक्ष केले तर गॅरेजमध्ये यंत्र लावून ती जाळून घेण्याचे काही हजार. आणि नवीच बसविण्याची पाळी आली तर लाखाची भाषा. ज्यांचा प्रवास गावापुरताच आहे त्यांनी डिझेल गाडी घेऊच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आता थांबू शकणाऱ्या बिघाडांकडे वळू. उंच गाड्यांबद्दल सर्वांत अधिक ऐकू येणारी तक्रार म्हणजे खड्ड्यातून जाताना खालून येणारा खडखडाट. चाके आणि सांगाडा यांना जोडणाऱ्या दांड्यांच्या टोकांशी रबराचे बुश असतात. पाऊस, चिखल आणि वजन यांनी ते झिजतात. असा आवाज आला म्हणून रातोरात घाबरण्याचे कारण नाही. मिस्त्रींकडून गाडी वर उचलून, पहारीने प्रत्येक सांधा हलवून पाहून घ्यावे. झीज केवळ रबराची असेल तर बुशास काही शेकडा रुपये आणि बसविण्याची मजुरी पडते. पगार होईपर्यंत थांबले तरी चालते. मात्र बॉल जॉइंट ढिला झाला असेल तर थांबू नये, कारण तो निखळल्यास चाक आडवे होते. पुष्कळ ठिकाणी एक बुश गेला तरी पूर्ण दांडाच बदलण्याचा आग्रह होतो व तीन ते सहा हजार सांगितले जातात. काही गाड्यांत बुश वेगळा मिळत नाही हे खरे. परंतु मिळतो की नाही, हे विचारण्यास संकोच कसला? टायर आतल्या कडेने अधिक झिजत आहेत काय, एवढे पाहण्यास तर मिस्त्रींचीही गरज नाही. शाळेतील कोणताही मुलगा किंवा मुलगी वडिलांच्या गाडीशेजारी वाकून ते पाहू शकेल.

हल्ली गाडीला एक छोटे यंत्र जोडताच पडद्यावर बिघाडाचा सांकेतिक क्रमांक उमटतो. पी ०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये ज्वलन नीट होत नाही. हा क्रमांक पाहून लगेच नवा भाग मागविणारे गॅरेज आणि त्यावर निर्धास्त होणारा मालक, दोघेही घाई करतात. वर्गात रडू कोणाला आले हे कळले म्हणून चिमटा कोणी काढला ते कळत नाही, तसेच हे आहे. पहिला सिलिंडर तक्रार करतो; कारण इंजेक्टर असेल, तार असेल किंवा झडपही असेल. एका डिझेल इंजेक्टरला पंधरा-वीस हजार पडतात आणि बसविलेला भाग बहुधा परत घेत नाहीत. तेव्हा तपासणीची वेगळी मजुरी मागणाऱ्या मिस्त्रींचा राग येऊ देऊ नये. हजार रुपये घेऊन अचूक कारण सांगणारा मनुष्य, फुकट तपासून चुकीचा भाग बसविणाऱ्यापेक्षा स्वस्त पडतो.

बिल हाती आल्यावर त्यातील सुटे भाग, मजुरी आणि कर हे तीन रकाने वेगळे वाचावेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोटारीच्या सुट्या भागांवर सरसकट १८ टक्के वस्तू व सेवा कर आहे. त्यापूर्वी पुष्कळ भागांवर तो २८ टक्के होता. म्हणजे दहा हजारांच्या भागावर पूर्वी २८०० रुपये कर पडे, तो आता १८०० पडतो. जुने अंदाजपत्रक पुढे करून जुनाच कर लावलेला नाही ना, हे मुलांनी शेकडेवारी करून घरी दाखवावे. काढलेले जुने भागही मागून घ्यावेत. आमची ती चीर गेलेली नळी आम्ही मागून घेतली होती. आता ती शाळेच्या प्रयोगशाळेत प्रसरणाच्या उपकरणाशेजारी ठेवली आहे, आणि तिची किंमत व तिच्यामुळे झालेले बिल असे दोन आकडे खाली चिठ्ठीवर लिहिले आहेत.